कानात नाव

"आत्यानं आता मास्क लावून कुर्रर्र करायचं का?" सर्दीनं नाक चोंदलेली नणंद पाळण्यापाशी पुटपुटली.

दिशानं पाळण्यावर हात आडवा धरला होता. "ताई, बारा दिवसांचं बाळ आहे. डॉक्टर म्हणाले, प्रतिकारशक्ती अजून कच्ची असते. कानाशी नको, लांबूनच नाव घ्या ना," हे ती तिसऱ्यांदा सांगत होती. नवरा मान खाली घालून मोबाइलमधले फोटो बघत होता.

"डॉक्टरांचं नाव पुढे करून नुसते नखरे!" सासूबाई उसळल्या. "मी चार पोरं वाढवली. कुणी हात तरी धुतले होते?"

बारशाला जमलेल्या बायका फिसकन हसल्या.



कोपऱ्यात बसलेले सासरे म्हणाले, "चार वाढवलीस गं. झाली पाच होती. पहिलीला बारशातच सर्दी लागली."