बायकांना होतंच असं

"आता उठा, ताई. कपडे नीट करा, काही घाई नाही," असं म्हणून डॉक्टरबाई पडद्याबाहेर गेल्या.

ती टेबलाच्या कडेला क्षणभर तशीच बसून राहिली. सहा वर्षांत चौथ्यांदा कुणीतरी तिला तपासलं होतं. हात लावायच्या आधी सांगणारी ही पहिलीच.

ती बसवर कंडक्टर होती. बाळंतपणाची रजा संपल्यावर महिनाभर तिनं कशीबशी नोकरी रेटली. मग एकदा भरल्या गाडीत, दोन थांब्यांच्या मध्ये, व्हायचं ते कपड्यातच झालं. एका माणसानं नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या दिवसापासून ती आगाराकडे फिरकली नाही. बाळंतपण जिथं झालं त्या दवाखान्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला, तेव्हा त्यांच्या वकिलानं एकच धोशा लावला : कागदावर इजा नाही, म्हणजे इजा नव्हतीच. म्हणून कोर्टानं तिला या त्रयस्थ डॉक्टरबाईंकडे पाठवलं होतं. सोबतीला सासूबाई आल्या होत्या. नवरा बाहेर बाकावर बसला होता. बायकांच्या तपासणीत आपलं काय काम, म्हणून.

ती खुर्चीवर येऊन टेकली. डॉक्टरबाई लिहिता लिहिता बोलल्या.

"मूल बाहेर येताना आतला स्नायू फाटलाय. पार मागपर्यंत. त्यांनी वरची कातडी तेवढी शिवली. त्याच दिवशी नीट तपासलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं."

"म्हणजे माझ्या मनाचे खेळ नाहीत?"

"कोण म्हणालं तसं?"

"आधीचे डॉक्टर." तिनं सासूबाईंकडे पाहायचं टाळलं. "आणि घरचे."

"माझं नाव घे की सरळ," सासूबाई म्हणाल्या. "मीच म्हणायचे. बायकांना होतंच असं, त्यात काय एवढं. आम्ही नाही का पोरं काढली."

डॉक्टरबाईंनी कागद उलटला. "आता शिवलं तर थोडाफार फरक पडेल. पहिल्यासारखं नाही होणार, उगाच आशा लावत नाही. पण दावा टिकेल. आजी, तुमचाही जबाब लागेल. घरात काय दिसायचं तुम्हाला?"

"दिसायचं काय! बादलीत भिजत घातलेले कपडे. मुलगा कामावर गेला की ही मोरीचं दार लावून धूत बसायची. मी आपली साबणाची एक वडी जास्तीची आणून ठेवायचे. जुनी चादर फाडून घड्या करून ठेवायचे हिच्या कपाटात."

सुनेनं मान वळवून पाहिलं. त्या घड्या नवऱ्यानं ठेवल्या असतील, असं ती इतकी वर्षं समजत होती.

"हिनं सांगितलं होतं तुम्हाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे. ही तोंडातून ब्र काढायची नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं, घड्या लागतात म्हणून?"

घरात सगळ्यांना गप्प करणाऱ्या सासूबाई मांडीवरच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडवत राहिल्या. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"एक विचारू का, बाई?" सासूबाईंचा आवाज इतका खाली आला की दोघींनाही पुढे वाकावं लागलं. "चौतीस वर्षं होऊन गेली असली तर? तरी शिवता येतं?"

बाहेर बाकावर नवरा खोकला. गेल्याच महिन्यात त्यानं चौतिशी पूर्ण केली होती.

सून उठली आणि तिनं दाराला आतून कडी घातली.