पाण्याचा घोट

पडद्यावर यमुनेचा भाऊ अखेरच्या घटका मोजत होता आणि यमुना दाराशीच थिजून उभी होती.

"वहिनी, म्हण ना 'वळव'! जाईल ती त्याच्याजवळ," माहेरी आलेली शैला प्रमिलाला कळवळून म्हणाली.

हल्ली 'वळव' म्हटलं की मालिकेतलं पात्र आपल्या मनासारखं वागे. मात्र टीव्ही घरमालकिणीचाच आवाज मानी, आणि एकदा वळवलेलं पात्र पुन्हा पहिल्यासारखं होत नसे. शैलाच्या टीव्हीवरच्या यमुनेची तीन लग्नं झाली होती. भावाशी तर दर आठवड्याला दिलजमाई होई. प्रमिलाने मात्र इतक्या वर्षांत एकदाही तो शब्द उच्चारला नव्हता. भावाने हाकलल्यापासून तिची यमुना त्या घरात पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

"अगं, तसाच मरेल तो!"

प्रमिलाच्या हातातला मटार तसाच राहिला. शब्द अगदी जिभेवर आला होता. तिने ओठ घट्ट मिटले.

यमुना आत आली. भावाला तिने चमच्याने पाणी पाजलं. भांड्यात घोटभर उरलं होतं. त्या पाण्याकडे ती बघत राहिली आणि मग उभ्यानेच ते प्यायली.

शैलाने पदर डोळ्यांना लावला. "पाणीच तर प्यायली! आमची तर तिथे रोज सरबत ढोसते. मग मी का रडतेय?"

"हिला कुणी सांगितलं नव्हतं, वन्सं."

शैलाने मटाराचं ताट स्वतःकडे ओढलं.

"पहिल्या भागापासून लाव. मी तोंड उघडणार नाही."