घोटभर पाणी

दुष्काळाचे फोटो काढायला सावनी शहरातून करमाडला गेली. दारातल्या म्हातारीनं हंड्याच्या तळाचं पाणी तांब्यात ओतून तिच्यापुढं धरलं.

“आधी घोटभर पाणी पे, माय.”

सावनीनं तांब्या रिकामा केला. मग रिकाम्या हंड्यासकट म्हातारीचा फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकला. वर लिहिलं, ‘इथं घोटभरही पाणी नाही.’

लाइक्सचा पाऊस पडला. मग कुणीतरी विचारलं, “मागं पाणी कोण पितंय?”

दारात तर म्हातारी एकटीच होती. सावनीनं फोटो मोठा केला. उंबऱ्याच्या आत पाठमोरी मुलगी तांब्या तोंडाला लावून उभी होती. अंगात सावनीचाच कुर्ता.

मेल्याहून मेल्यासारखं होऊन तिनं फोटो डिलीट केला.

घटाघटा पाणी प्यायल्याचा आवाज सुरू झाला. तिच्याच घशातून. आणि घसा कोरडा पडत चालला होता.