नावापुढचं टिंब

वेबसाइटवरचा फॉर्म नीट चालतो की नाही, हे रोज सकाळी एक प्रोग्राम बघायचा. ब्राउझर आपोआप उघडे, रकान्यांत अक्षरं उमटत आणि शेवटी पडद्याचा फोटो निघे. हा प्रोग्राम लिहिताना नमुना म्हणून तिने वडिलांचं नाव दिलं होतं. ते गेल्यावरही तिने ते बदललं नव्हतं.

सोमवारी चाचणी नापास झाली. फोटोत नावापुढे पूर्णविराम होता.

"ताई, हे टिंब कुठून आलं?" शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं. "प्रोग्राममध्ये तर नाहीये."

जन्मभर कारकुनी केलेले बाबा नावापुढे टिंब दिल्याशिवाय कागद हातावेगळा करत नसत. "जागा मोकळी सोडलीस, तर कोणीही पुढे काहीही लिहील गं," असं ते तिला सांगायचे.

मंगळवारीही टिंब आलं, बुधवारीही. एव्हाना ती त्याची वाट पाहू लागली होती.

गुरुवारी साहेब म्हणाले, "आज साइट लोकांसाठी सुरू करायचीय. दुसरं कुठलंही नाव घाल आणि मोकळी हो."

तिने प्रोग्राम उघडला. मग तिने बाबांचं नाव पुसलं आणि स्वतःचं घातलं.

चाचणी पास झाली. "सुटलो बुवा," म्हणत सहकारी चहा आणायला गेला.

तिने फोटो उघडला. तिचं नाव होतं. टिंब नव्हतं. नावापुढच्या मोकळ्या जागेत कर्सर लुकलुकत होता.

फोटो होता तो. ती बघत राहिली.

कर्सर एक घर पुढे सरकला.