लाल गाडीचा सौदा

"सही कुठं करायची ते दाखव," दादासाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

सौरभनं गाडीच्या विक्रीच्या कागदावर बोट ठेवलं. तीन महिने त्यानं या दिवसाची तयारी केली होती. बावधनहून कासार आंबोलीला येताना त्यानं आपले सगळे मुद्दे बायकोला, ज्ञानदाला, पुन्हा एकदा म्हणून दाखवले होते. त्यातला एकही वापरावा लागला नाही. वडिलांनी लगेच सही केली.

बंगल्यासमोर ती लाल गाडी उभी होती. अडुसष्ट सालची, दोन माणसांची, छप्पर मागं टाकता येणारी. पिरंगुटला कारखाना टाकल्यावर तिसऱ्या वर्षी दादासाहेबांनी ती एका भंगारवाल्याकडून उचलली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. चाळीस वर्षं तिला कुणी हात लावलेला त्यांना खपला नव्हता.

पण आता दादासाहेब एकाहत्तरचे होते. डाव्या डोळ्यानं अंधुक दिसायचं. गेल्या दिवाळीत घाटातल्या एका वळणावर गाडी कठड्याला घासून गेली होती. तेव्हापासून अवेळी फोन वाजला की सौरभ आधी बाबा घरी आहेत का ते विचारायचा.

"नक्की ना, बाबा? नंतर वाईट वाटून घ्यायचं नाही."

"नाही वाटणार. रस्त्यावर गाडी पळवायचे माझे दिवस गेले."

"आणि पैसे बँकेत ठेवा. उगाच कशात अडकवू नका."

"त्याचं आम्ही दोघांनी ठरवलंय," दादासाहेब म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

गाडी घेणारा निषाद बावधनचाच होता, दातांचा डॉक्टर. किल्ली हातात पडल्यावर तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला. चहाचे कप गोळा करायला आलेल्या सुलक्षणाबाई, सौरभची आई, त्याच्यापाशी थांबल्या.

"इंजिन तापलं की दुसरा गिअर अडतो," त्या म्हणाल्या. "ओढाताण करू नका. क्लच दोनदा दाबा, गुपचूप पडतो."

निषादनं मान डोलावली. संसारभर एकच विषय कानावर पडला की कुणालाही पाठ होईल, असं मनात येऊन सौरभला हसू आलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. दादासाहेब धूळ बसेपर्यंत उभे राहिले, मग आत जाऊन पेपर वाचू लागले. सौरभला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं फारच सोपं झालं.

पुढचे महिनेही तसेच गेले. आईबाबा दोघं बदलले होते. रोज सकाळी टेकडी चढून उतरत होते. आईनं भात सोडला, गोड सोडलं. कुणी मागं न लागता दोघांनी पुण्यात जाऊन तपासण्या करून घेतल्या. रविवारी मात्र फोन लागत नसे. "मंडळाचा कार्यक्रम होता रे," आई संध्याकाळी सांगायची आणि तिच्या आवाजात दम लागल्यासारखा आनंद असायचा. ऑफिसात कुणी आपल्या म्हाताऱ्यांबद्दल कुरकुर करू लागलं की सौरभ शांतपणे सांगायचा, "नीट समजावलं की ऐकतात. आमच्याकडे बघा."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी तो आणि ज्ञानदा न कळवताच कासार आंबोलीला गेले. बंगल्याला कुलूप होतं. फोन लागेना. पिरंगुटला रामदासचं गॅरेज होतं. दादासाहेबांच्या कारखान्यात काम शिकलेला माणूस, त्याला ठाऊक असेल म्हणून सौरभ तिकडे वळला.

"बाबा कुठं आहेत, रामदास?"

"ट्रॅकवर गेल्यात की. पौडाच्या म्होरं, डोंगरामागं. आज शर्यत हाय न्हवं."

"कसली शर्यत?"

रामदासनं हात पुसले. "जुन्या गाड्यांची. लाल गाडीचं पैसं आलं त्यातनं रेसिंगची गाडी घेतली की त्यांनी. एका शिटाची. इंजिन मीच बसवलंय. तुमाला ठावं न्हाई?"

"एका डोळ्यानं दिसत नाही त्यांना!"

"अवो, ऐका तरी जरा..."

सौरभ ऐकायला थांबला नाही.

ते ट्रॅकवर पोचले तेव्हा शर्यत सुरू झालेली होती. लोखंडी कठड्याशी शंभरेक माणसं होती. "हिरवी गाडी, सात नंबर," ज्ञानदा दारावर मिळालेली गाड्यांची यादी वाचत म्हणाली. "दादासाहेबांचं नाव आहे मालक म्हणून."

हिरवी गाडी वळणावर आली. आत पांढरं हेल्मेट तेवढं दिसत होतं. सौरभनं कठडा घट्ट धरला. शर्यत थांबवा म्हणून तो एका अधिकाऱ्याला सांगायला गेला, पण त्यानं नुसता हात वर करून त्याला मागं सारलं.

दुसऱ्या फेरीत हिरवी गाडी सहावी होती. तिसरीत चौथी. समोरच्या दोन गाड्या वळणावर बाहेर फेकल्या जात असताना ही आतल्या कडेनं सरळ निघून गेली, इतकी अलगद की बाजूच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. सौरभ पुन्हा कठड्याशी येऊन उभा होता. पण भीतीच्या खालून दुसरंच काहीतरी वर येत होतं. इतक्या वर्षांत आपल्या बापाला आपण असं गाडी चालवताना कधी पाहिलंच नाही, असं त्याला वाटलं. रागवायचं कसं, हे तो विसरत चालला होता.

हिरवी गाडी दुसरी आली, अर्ध्या गाडीच्या अंतरानं.

"थोडक्यात गेली," कठड्याशी शेजारी उभा असलेला माणूस स्टॉपवॉचवरचा अंगठा उचलत म्हणाला.

सौरभनं वळून पाहिलं. दादासाहेब होते.

"शेवटच्या वळणावर अजूनही ब्रेक लवकर मारते," ते म्हणाले, "सांगून ऐकेल तर ती तुझी आई कसली."