पापणी

अडगळीतला जुना पंखा उचलताना वडिलांच्या बोटाला साप चावला आणि नीट दिसायच्या आत सटकलाही. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मुलाला बाजूला घेतलं. "विष चढायला लागलं की आधी पापण्या खाली येतात. यांच्या दोन्ही उतरल्यासारख्या वाटताहेत. की मुळातच तशा आहेत? उगाच औषध दिलं तर त्याचाही त्रास होतो, म्हणून विचारते. लवकर सांगा."

रोज एका टेबलावर जेवूनही मुलाला वडिलांच्या पापण्या काही केल्या आठवेनात. येरझारा घालत त्याने मोबाइलमधले फोटो भराभर सरकवले, पण घरात फोटो काढायचे ते वडीलच, त्यामुळे ते एकातही नव्हते.

बाहेर बाकावर आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिला विचारून काय उपयोग? "यापुढे तुमचं तोंड बघणार नाही," असं तिने वडिलांना सुनावल्याला कित्येक वर्षं झाली होती. तेव्हापासून एकाच घरात दोघांचा अबोला, आणि आई शब्दाची पक्की.

राहवेना म्हणून त्याने तरीही विचारलं.



"डावी पहिल्यापासूनच तशी आहे त्यांची," भिंतीवरची नजर न हलवता आई म्हणाली, "पण उजवी आज सकाळी चहा घेताना नीट होती. औषध सुरू करा म्हणावं."