घरचा कोळी

दमयंतीने बाजारातून उरलेली मांदेली सुनेच्या पायापुढे सरळ लादीवर ओतली.

“मासे बघायचेत ना? बघ. इतं फुकट हायत.”

मेघालीने पाय वर घेतले. मोबाइलवर तारकर्लीचा व्हिडिओ चालूच होता. तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काच लावायची आणि पाण्यावर पालथं पडून खालचे रंगीत मासे बघायचे. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला हे स्नॉर्कलिंग करायचंच, असं तिने ठरवलं होतं. सातपाटीत दिल्यापासून तिला समुद्राचा नुसता वास मिळाला होता.

“आई, तुम्हाला माझं सुखच बघवत नाही,” ती म्हणाली.

“सुखाला बुडायला कशाला जावं लागतं गो?”

हर्षित पंख्याकडे बघत बसला होता. दोघींच्या मध्ये पडायची त्याची कधीच छाती झाली नाही. बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा तो लहान होता. आईने त्याला उचलून पालघरला मावशीकडे ठेवलं, शाळा शिकवली, बोईसरच्या कंपनीत चिकटवलं. तिथेच त्याला मेघाली भेटली. तिचं माहेर नांदेडकडचं, वडील कामासाठी बोईसरला आलेले. ‘मी दर्यात वाढलोय,’ असं सांगूनच या बहाद्दराने तिला पटवलं होतं.

तेवढ्यात तिचा भाऊ विक्रम बुलेट फडफडवत दारात आला. मांदेलीवरून उडी मारूनच आत शिरला.

“ताई, गाईड कॅन्सल केला! घरचा कोळी असताना गाईड कशाला? आणि ते लाइफ जॅकेट पण नको. फोटोत बोजा दिसतो नुसता. मी बुडायला लागलो तर दाजी काढतील की! काय दाजी?”

“हो, मग! काढीन ना,” हर्षित म्हणाला. त्याचा आवाज चिरकला, पण हसण्यात ते कुणाला कळलं नाही.

दमयंतीला कळलं. तिने झाडू उचलला.

“चालता हो माज्या घरातून! कोन कुटं जानार नाय. आनि तू गो, लय हौस आसंल तर जा तुज्या म्हायेरी. तितल्या नदीत पाय बुडव!”

“आये, गप बस!” हर्षित ओरडला. “चार लोकांत माझी इज्जत काढतेस? आम्ही जाणार. जॅकेटबिकेट काही नको मला!”

तो विक्रमला घेऊन तरातरा बाहेर पडला. मेघालीने कपाटावरून बॅग खेचली आणि रडत रडत कपडे कोंबायला लागली. एवढ्या तेवढ्यावरून माहेर काढणाऱ्या बाईकडे आता एक दिवस राहायचं नाही. तारकर्लीहून परस्पर बोईसरलाच जायचं. सासू मेली तरी इथे पाऊल टाकायचं नाही!

दमयंतीने दार लावून घेतलं. कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

“बाजूला व्हा.”

“त्याला पवायला येत नाय.”

मेघालीला हसूच आलं. “सातपाटीचा कोळी, आणि पोहता येत नाही? काहीही थापा मारू नका. त्याने मला स्वतः सांगितलंय.”

“मर्दानं बायकोला काय सांगावं मग? बुडंल, पन कबूल व्हनार नाय. तुज्या भावासमोर तर नायच नाय.” तिचा आवाज खाली आला. “मी शिकू दिला नाय त्याला. सुट्टीत यायचा, तवा बंदरावर पोरं उड्या मारायची. मी याला कान धरून घरात आनायची. लोक हसायचे. हसूदे.”

मेघालीच्या हातातला शर्ट तसाच राहिला. मग तिचा संताप दुप्पट उसळला.

“समुद्र दाराशी, नवरा समुद्रात गेलेला, आणि पोराला पोहायलाच शिकू दिलं नाही? कसली आई हो तुम्ही!”

“त्याच्या बापाला येत व्हतं,” दमयंती म्हणाली. “खलाशी पान्यात पडला, त्यानं उडी मारली. बोटीवर ज्यांना पवायला येत नव्हतं, ते सगले घरी आले.”